रिकाम्या घराचा गारवा

विस्थापितांच्या छावणीतलं ते मातीच्या विटांचं घर मी बांधलं. गवंडी मी, आणि राहतो तंबूत. दीड फुटी भिंती, वर चुन्याचा गिलावा, वारा खेळायला छताखाली झरोके. आर्किटेक्ट बाईंनी शब्द दिला होता, पहिलं घर तान्ह्या बाळाच्या आईला. यादीत पहिलं नाव माझ्या ताईचं होतं. तिचं तीन महिन्यांचं पोर प्लास्टिकच्या तंबूत दुपारी मान टाकायचं. अंगभर घामोळं, दूधसुद्धा ओढायचं नाही.

पाहुणे आले, ताईला पोरासकट उंबऱ्यात बसवून फोटो काढले. गाड्या गेल्या आणि बाईंनी तिला गोड बोलून बाहेर काढलं. भिंतीला तापमान मोजणारी डबी लावली होती. वर्षभर मोजणी चालणार, आणि माणसं आत असली की म्हणे आकडे बिघडतात. आकडे चांगले आले तर अशी शंभर घरं होणार होती. मला किळस आली. घर बांधायचं आणि त्याला माणसाचाच विटाळ!

संध्याकाळी झरोके उघडायचे, सकाळी मिटायचे, म्हणून किल्ली माझ्याकडे असायची. भर उन्हात ताईला गुपचूप आत घेतलं. पोर तीन तास गाढ झोपलं, उठून पोटभर प्यालं. असे आठ दिवस गेले. ती डबी बाई बघतात तेव्हाच मोजते, अशी माझी समजूत. आम्ही गवंडी, ओळंबा लावला तरच भिंतीचा तिरकेपणा कळतो.

नवव्या दिवशी बाईंनी मला कॉम्प्युटरवर रेघ दाखवली. रोज दुपारी दीड अंशाचा उंचवटा.

"कुणीतरी आत श्वास घेतंय," त्या म्हणाल्या.

मी सगळं कबूल केलं, पोराचे हालही सांगितले. बाईंचे डोळे भरून आले. डोळे पुसून त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. शंभर बाळांचा प्रश्न आहे, म्हणाल्या. त्या चिडल्या असत्या तर मी चार शब्द सुनावले असते. त्या रडल्या, आणि मी मुकाट्यानं किल्ली देऊन टाकली. शेण खाल्लं मी, दुसरं काय.

तंबूत ताई पोराचं अंग ओल्या फडक्यानं पुसत होती. मी कबुली दिली आणि किल्ली गेली, हे तिला सांगितलं. आत आज गारवा किती होता, असं तिनं विचारलं. बाहेरच्याइतकंच तापलंय, मी म्हणालो, काही फरक नाही. तिनं फडकं पिळलं.

"असं खोटं तिथं बोलला असतास," ती म्हणाली, "तर किल्ली राहिली असती."