दहाव्या खांबाची खूण

त्या लाकडी हॉटेलने दीडशे वर्षं काढली होती. पूर आले, भूकंपात विटांची चिमणी कोसळली, पण सांगाडा तसूभर हलला नाही. इरावती आणि तिचा नवरा प्रसाद परदेशातल्या रिकार्टन उपनगरातल्या नोकऱ्या सोडून त्याच देशातल्या या गावात आले, हॉटेल घेतलं, त्याला अकरा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात त्या खांबांचं कौतुक सांगून तिने प्रत्येक पाहुण्याला भंडावून सोडलं होतं.

आता मात्र नवा रस्ता मागच्या दालनावरून जाणार होता. “मागचा भाग नंतर जोडलाय, तो संरक्षित जुन्या वास्तूत धरता येत नाही, पाडावा लागेल,” असं कौन्सिलच्या अधिकाऱ्याने सांगितलं. माणूस भला होता, पण एकदा मारलेला शेरा मागे घेणं त्याच्या जिवावर येई.

“पुढचा भाग राहतोय ना? मग झकास, स्वीट ॲज!” प्रसाद इथल्या बोलीत म्हणाला.

“डोंबलाचं स्वीट ॲज! आण ती हातोडी.”

पुढच्या नऊ खांबांवर, सांध्यापाशी, पटाशीने पाडलेले रोमन आकडे होते. पाहुण्यांना ती नक्षी वाटायची. इरावतीला ठाऊक होतं, की जुने कारागीर आख्खा सांगाडा आधी जमिनीवर जुळवत, सांध्यांना आकडे घालत, मग उकलून जागेवर उभा करत. मागचं काम वेगळं असेल, तर आकडे पुन्हा एकपासून सुरू व्हायला हवेत.

अधिकाऱ्याच्या देखत तिने मागच्या दालनातला भिंतीचा पत्रा उचकटला. धुळीने सगळे खोकले. खांबावर ठसठशीत फुली होती. दहा! शेजारच्यावर अकरा. इरावतीला अभिमानाने भरून आलं, जणू तिनेच ते खांब उभे केले होते.

अधिकाऱ्याने टॉर्च लावून तीनदा पाहिलं. “सगळं एकाच वेळचं आहे. रस्ता वळवावा लागेल,” तो शेवटी म्हणाला. मग त्याने वही काढली. “पण ही पद्धत तुम्हाला कोणी शिकवली? रिपोर्टमध्ये जाणकाराचं नाव द्यावं लागतं.”

इरावतीने हातोडी खाली ठेवली. पुण्याच्या कॉलेजात आणि इथल्या मराठी मंडळात ती आजवर ‘बाबांचा फर्निचरचा बिझनेस’ असंच सांगत आली होती. तिची तिलाच लाज वाटली.

“लिहा,” ती मान ताठ करून म्हणाली. “रमण सुतार. गावोगाव घरं उभारणारे कारपेंटर. माझे वडील.”