ग्लेंडानं विकलेली सीट

मोडलेली नाही, फाटलेली नाही, पण घरात नको झालेली आहे, अशा वस्तूचं करायचं काय, हा प्रश्न कुठल्या घराला सुटलाय? ग्लेंडा ऑटवेनं तो आपल्यापुरता सोडवला होता. नवरा गेल्यावर त्याची गॅरेजमधली हत्यारं विकायला म्हणून ती एका रविवारी डेस्मंड प्रुएटच्या शेतात गाडी घेऊन गेली, आणि मग जातच राहिली. इंग्लंडमधल्या आमच्या लिंकनशरमध्ये उन्हाळाभर असे बाजार भरतात. शेतात ओळीनं गाड्या लावायच्या, डिकी उघडायची, पुढ्यात टेबल मांडायचं आणि घरातलं जुनंपानं विकायचं.

ग्लेंडाच्या हातात विकण्याचा गुण होता. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं वर्षानुवर्षं हट्टी पोरांच्या गळी उकडलेली गाजरं उतरवली होती. मोठ्या माणसांच्या गळी एखादी जुनी किटली उतरवणं तिला काय अवघड? "माझ्या टेबलावरून वस्तू परत घरी जात नाही," असं ती अभिमानानं म्हणायची, आणि ते खरंही होतं.

त्या वर्षी एप्रिलमध्ये तिच्या मुलीच्या, लिनेटच्या, उभ्या गाडीला सिग्नलपाशी मागून एका व्हॅननं जोरात ठोकलं. गाडीत चार महिन्यांचा रोरी आपल्या छोट्या, उचलायला दांडी असलेल्या बाळाच्या कार सीटमध्ये पट्ट्यांनी बांधलेला होता. गाडीचा मागचा भाग चेपला, लिनेटची मान आखडली, पण रोरीला साधं खरचटलंही नाही. विम्याच्या पैशातून त्याला नवी सीट आली. जुनी लिनेटनं आईच्या गॅरेजमध्ये आणून टाकली.

"आई, कचऱ्याच्या डेपोकडे गेलीस की ही तिथं टाकून दे. कुणाला देऊबिऊ नकोस हं."

"कळलं गं," ग्लेंडा म्हणाली.

पण टाकायला तिचा हात धजेना. तिनं सीटचं कापड काढून मशीनमध्ये धुतलं, प्लॅस्टिक पुसलं, पट्ट्या ओढून पाहिल्या. कुठं ओरखडासुद्धा नव्हता. इतकी चांगली वस्तू कचऱ्यात घालायची? तिच्या आईनं पावाच्या पिशव्यासुद्धा धुऊन वाळवल्या होत्या. जूनमधल्या एका रविवारी ग्लेंडानं ती सीट पडदे आणि चादरींच्या खोक्यावर ठेवली आणि बाजारात नेली.

शेजारची जागा नेहमीप्रमाणे एनिड हॅलमची होती. एनिड सत्तरीच्या पुढची, कपबश्या आणि काचेची भांडी विकणारी. कुणी बशी उचलली की हिचं सुरू व्हायचं, "ती नका घेऊ, कडेला तडा आहे. हं, कुंडीखाली ठेवायला चालेल." ग्लेंडा तिला हसायची. "एनिड, तू धंदा करायला येतेस की कबुली द्यायला?" एनिड थर्मासमधला चहा ओतून तिच्या हातात द्यायची.

दहाच्या सुमारास एक जोडपं टेबलापाशी थांबलं. मुलगी विशीतली, दिवस अगदी भरत आलेले. तिचं नाव बेथनी, हे ग्लेंडाला नंतर कळलं. तिचा जोडीदार कॉनर काखेत दुमडलेली बाबागाडी घेऊन उभा होता. बेथनीनं सीट उचलली, उलटी करून पाहिली, पट्टीचं बकल दोनदा लावलं आणि सोडलं.

"कुणाची आहे?"

"माझ्या नातवाची. मोठा झाला आता तो. हत्तीच्या पिल्लासारखा वाढतोय."

बेथनी हसली. मग तिनं सरळ ग्लेंडाच्या डोळ्यांत पाहत विचारलं, "अपघातात वगैरे नाही ना सापडलेली? आमच्या नर्सबाई म्हणाल्या, जुनी घेतलीस तर तेवढं नक्की विचार."

"छे गं, पोरी," ग्लेंडा म्हणाली. शब्द तिच्या तोंडून इतक्या सहज निघाले की ते खोटे आहेत हे तिचं तिलाही क्षणभर जाणवलं नाही.

"थँक गॉड," कॉनर म्हणाला. "नवी घ्यायची म्हणजे आमचं कंबरडंच मोडलं असतं. हिला तर आता कधीही..." त्यानं पैसे दिले, सीट मनगटाला अडकवली आणि दोघं गर्दीत दिसेनाशी झाली.

ग्लेंडानं वळून पाहिलं तर एनिड तिच्याकडे बघत होती.

"ती लिनेटच्या गाडीतली ना?"

"असेल. मग?"

"मग काय? त्या मुलीनं तुला विचारलं, आणि तू नाही म्हणालीस."

"हळू बोल," ग्लेंडा म्हणाली. "एनिड, हा डिकीचा बाजार आहे. वस्तू आहे तशी घ्यायची, डोळे उघडे ठेवून घ्यायची. सगळे असंच विकतात."

"तिनं डोळे उघडेच ठेवले होते की. डोळ्यांना जे दिसत नाही, तेच तर तिनं तुला विचारलं."

"तूसुद्धा तडे गेलेल्या बश्या विकतेस."

"विकते. तड्यावर बोट ठेवून विकते. आणि माझी बशी फुटली तर चहा सांडतो, एवढंच."

ग्लेंडा चिडली. उगाचच पडद्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालायला लागली. "सीट धड आहे. मी स्वतः पाहिलीय. ओरखडा नाही तिच्यावर."

"रोरीवर तरी कुठं ओरखडा आहे?" एनिड म्हणाली. "त्याला बसायचा मार त्या सीटनं घेतला, म्हणून नाही. आत काय तडकलंय ते तुलाही दिसत नाही, मलाही नाही. एक सांग. विम्यानं नवी दिली नसती, तर तू रोरीला परत त्याच सीटमध्ये बसवलं असतंस?"

एका बाईनं मध्येच पडद्यांची लांबी विचारली. ग्लेंडाला ते ऐकूच आलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर लिनेटची चेपलेली गाडी आली. टो करून नेलेल्या त्या गाडीची मागची काच साखरेसारखी सांडलेली होती, आणि त्या सगळ्यात ही सीट जशीच्या तशी. नाही, त्या सीटमध्ये तिनं रोरीला पुन्हा कधीच बसवलं नसतं.

"माझ्या टेबलाकडे बघ जरा," ती एनिडला म्हणाली आणि निघाली.

आधी तिला वाटलं, गाठू या त्यांना गुपचूप, पैसे परत देऊ, विसरलेच होते म्हणू, कुणाला कळायचंही नाही. ती ओळींमधून भराभर चालत सुटली. बाबागाडी घेतलेला माणूस दिसला की ती तिकडं वळायची, आणि जवळ गेलं की तो भलताच निघायचा. बेकन घातलेले पाव विकणाऱ्या गाडीसमोर रांग होती, तिथं ती दोघं नव्हती. लहान मुलांच्या कपड्यांच्या टेबलांपाशी नव्हती. फाटकाकडे पाहिलं तर बाहेर पडणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. ग्लेंडा चिखलातून त्या रांगेच्या कडेनं धावली. साठीच्या वयात, वाकून, प्रत्येक खिडकीतून आत डोकावत. लोक काचा वर करायला लागले. एका गाडीच्या मागच्या बाकावर तसली सीट होती, पण तिच्यात दुसरंच बाळ झोपलेलं होतं. फाटकातून गाड्या एकामागून एक मोठ्या रस्त्याला लागत होत्या, आणि तो रस्ता कसा आहे ते इथं प्रत्येकाला माहीत आहे. तिथं ट्रॅक्टरच्या मागं तुंबलेले लोक वळणावरसुद्धा ओव्हरटेक करतात.

तिला धाप लागली. आता एकच उपाय उरला होता, आणि तोच तिला नको होता.

डेस्मंड प्रुएट आपल्या कॅरव्हॅनच्या दारात माइक घेऊन बसला होता. हरवलेली पोरं, वाट अडवणाऱ्या गाड्या, उरलेले केक, सगळ्याची घोषणा तोच करायचा. ग्लेंडानं त्याला घडलेलं सांगितलं. त्यानं हनुवटी खाजवली.

"असं करू," तो म्हणाला. "बाळाची सीट घेणाऱ्यांनी इकडं यावं, त्यांच्याकडून चुकून जास्त पैसे घेतले गेलेत, असं सांगतो. येतील धावत. तुझं नावही यायला नको. अगं, तुला इथं दर रविवारी यायचंय."

ग्लेंडाला क्षणभर हायसं वाटलं. किती सोपं होतं. मग तिनं फाटकाकडे पाहिलं.

"ते निघाले असतील तर थोड्या पैशांसाठी कोण गाडी वळवेल, डेस्मंड? मी नसती वळवली." तिनं हात पुढे केला. "दे इकडे. मीच बोलते."

बेकनच्या रांगेत तिचे ओळखीचे लोक होते. चर्चमधल्या बायका होत्या. तिच्या हातची गाजरं खाऊन मोठी झालेली, आता स्वतःची पोरं खांद्यावर घेतलेली मुलं होती. माइक तोंडाशी नेल्यावर तिला आपलाच श्वास शेतभर ऐकू आला.

"मी ग्लेंडा ऑटवे. निळ्या गाडीपाशी माझं टेबल असतं. सकाळी मी एका मुलीला बाळाची कार सीट विकली. तिनं मला विचारलं होतं, ही अपघातात सापडलेली आहे का. मी नाही म्हटलं. मी खोटं बोलले. ती सीट मोठ्या अपघातात सापडलेली आहे. पोरी, तू कुठं असशील तिथं थांब. तुझ्या बाळाला तिच्यात बसवू नकोस."

शेतात एकदम शांतता झाली नाही. पण बोलणं ओसरत गेलं आणि माना वळल्या. कुणीतरी म्हणालं, "आपली ग्लेंडा?" तिला ते ऐकू गेलं. तिनं पुन्हा एकदा सगळं पहिल्यापासून सांगितलं, कारण फाटकाजवळच्या गाड्यांच्या काचा बंद होत्या.

कुणी आलं नाही. ग्लेंडा कॅरव्हॅनच्या पायरीवर उभी राहिली. लोक तिच्याकडे पाहत आणि मग दुसरीकडे पाहत. समोरच्या ओळीत खेळणी आणि विजेच्या वस्तू विकणारा एक माणूस होता. त्यानं टेबलावरचा जुना हीटर उचलला, त्याची वायर निरखली आणि तो डिकीत आत सारून ठेवला.

मग फाटकाकडून हॉर्न वाजायला लागले. रांगेत पुढं असलेली एक लाल गाडी मधेच थांबली होती. तिचं दार उघडलं. बेथनी उतरली आणि एक हात पोटाखाली धरून चिखलातून चालत आली. मागून कॉनर सीट घेऊन येत होता. ग्लेंडा पायरी उतरून पुढं गेली.

"मी तुम्हाला विचारलं होतं," बेथनी म्हणाली. "तुमच्या डोळ्यांत बघून विचारलं होतं."

"हो."

"नातवाची आहे म्हणालात, म्हणून मी विश्वास ठेवला. आजी खोटं कशाला बोलेल, असं वाटलं मला."

"माझं चुकलं," ग्लेंडा म्हणाली. "कारणं सांगत बसत नाही. टाकवत नव्हती म्हणून आणली, आणि विकली जावी म्हणून खोटं बोलले." तिनं पैसे पुढं केले. ते कॉनरनं घेतले. बेथनी हलली नाही.

"आता ही कुणाला विकणार?" तिनं विचारलं.

ग्लेंडानं डेस्मंडकडून चाकू मागून घेतला. तिथंच गवतावर गुडघे टेकून तिनं सीटच्या पट्ट्या कापायला घेतल्या. पट्ट्या चिवट होत्या. एक कापली, दुसरी कापली. मग धुतलेलं कापड टराटर फाडलं, आणि प्लॅस्टिकवर चाकूच्या टोकानं मोठ्या अक्षरांत कोरलं, 'अपघात'. कचऱ्यातून उचलूनही कुणी ती वापरू नये म्हणून.

"आता नाही कुणाला," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पोरी, गावात दुकान दुपारपर्यंत उघडं आहे. मला तुला नवी सीट घेऊन द्यायचीय. भीक म्हणून नाही. हे माझ्या अंगावरचं देणं आहे."

"आम्हाला कुणाची दया नको," कॉनर म्हणाला.

बेथनीनं गवतावरच्या त्या चिंध्यांकडे पाहिलं. "दया नाही ती," ती कॉनरला म्हणाली. मग ग्लेंडाकडे वळली. "नवी. खोक्यात बंद असलेली. खोकं मी फोडणार. आणि मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका."

"नाही समजत," ग्लेंडा म्हणाली.

दुकानात नव्या सीटचे पैसे ग्लेंडानं दिले, आणि खोकं बेथनीनंच फोडलं. पुढच्या आठवड्यात बेथनीला मुलगी झाली. ते ग्लेंडाला डेस्मंडकडून कळलं. तिनं एक कार्ड पाठवलं. त्याला उत्तर आलं नाही, आणि उत्तराची अपेक्षा करण्याचा आपल्याला हक्क नाही, हे तिनं मान्य केलं. लिनेटला तिनं सगळं खरं सांगितलं. लिनेट म्हणाली, "आई, मी तुला टाकून दे म्हटलं होतं गं." तेवढं ऐकणं ग्लेंडाला माइकवर बोलण्यापेक्षा जड गेलं.

ती आजही रविवारी तिथं असते. विक्री कमी होते, काही वस्तू परत घरी येतात. इस्त्री उचललेल्या माणसाला ती आपणहून सांगते, "कमी जास्त तापते ही, भरवसा नाही. मी स्वतः नाही वापरणार." काही लोक तिच्या टेबलाला वळसा घालून पुढं जातात, कारण त्या दिवसाची घोषणा त्यांनी ऐकलेली आहे. काही मात्र मुद्दाम तिच्याकडे येतात. कारणही तेच.

वाचकहो, जुनी वस्तू विकण्यात काही कमीपणा नाही, घेण्यात तर मुळीच नाही. एकाच्या घरात पडून राहिलेलं दुसऱ्याच्या संसाराला लागतं, हे चांगलंच आहे. पण जी वस्तू आपण आपल्या लेकरासाठी वापरणार नाही, ती दुसऱ्याच्या लेकरासाठी विकू नये. समोरचा माणूस पैसे मोजतो तेव्हा तो नुसती वस्तू घेत नाही. जे त्याला दिसत नाही, त्यासाठी तो आपल्या शब्दावर विसंबतो. तो शब्द खोटा निघाला, तर बाजार उठून गेल्यावरही त्याची जबाबदारी आपल्यावरच राहते. चूक झालीच, तर ती लपवण्याचे मार्ग पुष्कळ मिळतील. पण ज्याला धोका आहे त्याच्यापर्यंत जो मार्ग सगळ्यांत आधी पोहोचतो, तोच धरावा. मग भर शेतात सगळ्यांसमोर मान खाली घालावी लागली तरी हरकत नाही.