शनिवारची गोळी

सेवस्तीमावशीची गोळी मोठी हिकमती आहे. रात्री दहाला जेवणावर घ्यायची. चार तास ती पोटात गप्प पडून राहते आणि दोनच्या सुमाराला फुटते. संधिवाताची सूज पहाटेच चढते, म्हणून औषधही त्याच वेळी अंगात पोचतं. कालिम्नोस बेटावर माझं औषधाचं दुकान आहे, ही गोळी मीच तिच्यासाठी अथेन्सहून मागवली. दोन आठवड्यांत बाई सकाळी सातला स्वतःची कॉफी स्वतः करायला लागली. मी जरा फुशारलोच होतो.

पण रविवारी चर्चमध्ये बघावं तर तिच्या मुठी पूर्वीसारख्याच आखडलेल्या.

चर्चच्या दारात मेणबत्त्यांच्या टेबलाशी मी बसतो. बायका वेदीसाठी पाव आणतात आणि सोबत पाद्रीबाबांनी प्रार्थनेत घ्यायच्या नावांचा कागद देतात. वर जिवंत माणसं, खाली गेलेली. आमच्याकडची रीत अशी की पाव रविवारी पहाटेच मळायचा, आणि ज्या हातांनी मळला त्याच हातांनी नावं लिहायची. मावशीचे हात गेल्यापासून दोन्ही कामं शेजारची कालोतिना करत होती.

आणि तिथेच सगळं बिनसलं होतं. मावशीचा नवरा साकेल्लारिस समुद्रात बुडी मारून स्पंज काढायचा. एकतीस वर्षांपूर्वी लिबियाकडे गेला, होडी परत आली, तो आला नाही. प्रेतही मिळालं नाही. मावशीने त्याचं नाव कायम वर लिहिलं. कालोतिना व्यवहारी बाई, तिने ते खाली घातलं. दोन वर्षं मी ते कागद मुकाट्याने घेतले आणि मावशी दर रविवारी माझी नजर चुकवून पुढे गेली.

मग एक दिवस ती दुकानात आली तेव्हा मी विचारलं, महिन्याची डबी पाच आठवडे कशी पुरते?

"शनिवारी घेत नाही," ती म्हणाली.

मी भडकलो. ही गोळी मनाला येईल तेव्हा सोडायची नसते, हे तिला दहा वेळा बजावलं होतं.

"ओरडू नकोस. मध्यरात्रीनंतर पोटात काही गेलं तर ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही. दोनला फुटते, असं तूच म्हणालास ना?"

"अगं मावशी, पण गिळतेस दहाला."

"गिळते दहाला, खाते दोनला."

यावर माझ्या कॉलेजात काही शिकवलं नव्हतं. मग एखाद्या रविवारी प्रसाद राहू दे, असं मी म्हटलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली.

"एकतीस वर्षांत एक रविवार चुकवला नाही. आता चुकवला, आणि नेमका त्याच रविवारी तो..."

पाद्रीबाबांना तरी विचार, म्हटलं. त्यालाही तयार नाही. विचारायला गेलं की ते नावाचा विषय काढतील, याची तिला धास्ती. शेवटी मीच गेलो. पाद्रीबाबा, म्हणजे आमचे पापा-निकीतास, अंगणात लिंबाला पाणी घालत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तोंडातून कधी गेलं तेवढंच मी बघतो. पोटातलं घड्याळ देवाचं," ते म्हणाले. मग झारी खाली ठेवली. "तिला घ्यायला सांग. आणि नावाबद्दल मी अवाक्षर काढणार नाही."

पुढच्या रविवारी मावशी सगळ्यांच्या आधी आली. पाव एका बाजूने बसला होता. कागद तिने टेबलावर माझ्यासमोर उलगडून ठेवला. अक्षर वाकडंतिकडं, पण तिचंच. खाली आई, वडील, दोन भाऊ. वर दोनच नावं: साकेल्लारिस, सेवस्ती.

मी वाचत असताना ती पहिल्यांदाच माझ्याकडे बघत उभी राहिली.

"दोन वर्षं मेला होता रे तो," ती म्हणाली. "माझ्या हातांपायी."

मी कागद उचलला आणि आत पाद्रीबाबांकडे नेऊन दिला.