अर्धं बोलणं

"खाली घे, डोंग."

मनांग पासिंग, म्हणजे आमच्या पासिंगताई, माझ्या पाठीमागं उभ्या होत्या. आवाज चढवलेला नव्हता. माझा ड्रोन तेव्हा सामुद्रधुनीतल्या चौथ्या मनोऱ्याच्या टोकाशी, विजेच्या तारांचे फोटो घेत होता.

"विमानांचा पडदा मोकळा आहे, मनांग," आमचा मालक जोव्हितो म्हणाला. "एकच मनोरा राहिलाय. दहा मिनिटं."

"दहा नाहीत आपल्याकडं. डोंग, तुला सांगतेय मी."

जोव्हितोच्या शेजारी मनिलाहून आलेले हवाई खात्याचे दोन अधिकारी बसले होते. आमच्या बेटाकडं वीज आणणारे हे पाच मनोरे नेमके विमानांच्या वाटेवर. इथं ड्रोनला बंदी होती. गडी दोर बांधून वर चढायचे, आणि तेवढा दिवस अख्खं बेट विजेविना. विमानांच्याच आकाशात आमच्यासाठी एक पट्टा मिळावा म्हणून जोव्हितोनं दोन वर्षं अर्ज केले होते. पाचही मनोरे न थांबता तपासून दाखवायचे, ही आजची परीक्षा.

मनांगना कंपनीत घेतलं ते त्या अर्जांवर विमानतळाचा अनुभव दाखवता यावा म्हणूनच. एकतीस वर्षं त्या विमानतळाच्या रेडिओच्या खोलीत होत्या. वारा, ढग, आलेली-गेलेली विमानं लिहून ठेवायची. विमानांना वाट देणाऱ्या टॉवरमधल्या खुर्चीवर मात्र कधी बसता आलं नाही, त्याला पदवी लागायची. आमच्याकडं त्यांचं काम एकच: कानाशी रेडिओ धरून आकाशाकडं बघत उभं राहायचं.

"पगार कशाचा घेता, मनांग?" मी चिडवायचो. "मान वर करायचा?"

"तुझी मान शाबूत ठेवायचा," त्या म्हणायच्या.

आल्या दिवशीच त्यांनी नियम घातला होता: मी उतरव म्हटलं की आधी उतरवायचं, मग विचारायचं. जोव्हितोनंही मान डोलावली होती. पण तेव्हा समोर मनिलाचे साहेब नव्हते. आता तो माझ्याकडं बघत होता, आणि मला घरी दोन लेकरं होती.

मी अंगठा खाली ओढला. ड्रोन वाळूच्या दांड्यावर टेकला. मनांगनी घड्याळ बघून वहीत वेळ लिहिली.

"गेली दोन वर्षं पाण्यात," जोव्हितो पुटपुटला.

तेवढ्यात मनांगचा फोन वाजला. टॉवरचा होता. पलीकडचा माणूस घाईघाईनं काहीतरी सांगू लागला. मनांगनी त्याला पुरं करू दिलं.

"उतरलाय, सर. वाळूवर आहे. नऊ एकोणीसला."

पलीकडून "थँक यू, मॅम" एवढं मलाही ऐकू आलं.

आणि टेकडीआडून पिवळं हेलिकॉप्टर बाहेर पडलं. ढगांच्या खाली राहून ते चौथ्या मनोऱ्याच्या माथ्यावरून गेलं, जिथं मघाशी माझा ड्रोन होता तिथूनच. आत पलीकडच्या बेटावरची एक अडलेली बाळंतीण होती, हे संध्याकाळी कळलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

मग अधिकाऱ्यांतल्या वयस्क बाईंनी विचारलं, "पडद्यावर तर काहीच नव्हतं. तुम्हाला कसं कळलं?"

"टेकडीमागचं दिसत नाही त्यात, मॅम. टॉवर कुणालातरी उत्तर देत होता, आणि त्या कुणाचं बोलणं मला ऐकू येईना. वर असता तर आलं असतं. म्हणजे खाली आहे, टेकडीमागं आहे. आणि असा नैर्ऋत्येचा वारा सुटला की हेलिकॉप्टरवाले टेकडीवरून येत नाहीत, पाण्यावरून वळसा घालतात."

"हे शिकवलं कुणी?"

"शिकवायला कोण बसलंय. ऐकून ऐकून."

पाचवा मनोरा आम्ही दुपारी केला. परवानगी दीड महिन्यानं आली. तिच्यात एक अट होती: जमिनीवर असं एक माणूस उभं हवं, आणि उतरवण्याच्या बाबतीत त्याचा शब्द मालकाच्या वर राहील. जोव्हितोनं ते वाक्य आम्हाला दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. पण मला त्या कागदापेक्षा त्या दिवसाची दुपार जास्त आठवते. नारळाच्या पात्यात बांधलेला भात आणि भाजलेले मासे खाऊन झाले होते. बाईंनी अहवालाचा कागद मनांगपुढं सरकवला.

"इथं सही. उड्डाण थांबवणाऱ्याची."

मनांगनी तो जोव्हितोकडं सरकवला. "सही साहेबांची असते, मॅम. आमच्या खोलीत लिहायचे मी, खाली सही साहेब करायचे."

"थांबवलं कुणी?" बाईंनी विचारलं.

जोव्हितोनं आपल्या पेनाचं टोपण काढलं आणि पेन मनांगच्या हातात दिलं. त्यांनी हात परकराला पुसला. मग आईच्या माहेरच्या नावासकट सबंध नाव, एकेक अक्षर सुटं, लिहायला घेतलं: पासिता लुमांगताद एस्कान्यो. चौकट लहान होती. शेवटची तीन अक्षरं रेघ ओलांडून बाहेर गेली. वाऱ्यानं कागद हलू नये म्हणून बाई त्याचा कोपरा धरून बसल्या होत्या.