सगळं काढ

"अक्का, बॅकअप नको ना?" असं मी विचारलं होतं आणि पद्मावती अक्का "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणाल्या होत्या. ते "सरी" मला होतं की गेटबाहेर हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षावाल्याला, एवढं मी बघायला हवं होतं.

येलहंक्यात घरच्या घरी कॉम्प्युटर दुरुस्ती सुरू करून मला दोन महिने झाले होते. सौम्या पोटात असताना कंपनीतलं हार्डवेअर सपोर्टचं काम सोडलं होतं. ती दोन वर्षांची झाल्यावर खिडकीखाली टेबल मांडलं आणि गेटवर कन्नड-इंग्रजीत बोर्ड लावला. बोर्ड वाचून तिघं आले. एकाला आधार कार्डाची प्रिंट हवी होती, एकाला मोबाइलची काच बदलायची होती आणि तिसऱ्याच्या प्रिंटरमध्ये पाल होती. पाल मी काढली. संध्याकाळी माझा नवरा, तनय, म्हणाला, "म्हणजे पहिलं गिऱ्हाईक पाल."

अक्का भेटल्या भाजीच्या गाडीपाशी. मी सौम्याला "टोमॅटो दाबू नको गं" म्हणाले, तर पुढची बाई वळून म्हणाली, "मराठे काय गं तुम्ही?" त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपासून इथलंच, शिंप्याचं, पण घरात बोलणं मराठीच. ब्लाउज आणि साड्यांवर मशीनने भरतकाम करायचं दुकान. येलहंक्यातल्या लग्नघरचे ब्लाउज त्यांच्या हाताखालून जातात. त्यांनी चार जणींना माझं नाव सांगितलं असतं, तर मला बोर्डाची गरजच उरली नसती.

दुसऱ्याच दिवशी त्या जुना लॅपटॉप घेऊन आल्या. "लई स्लो झालंय गं. त्यातलं सगळं काढ आणि नवं करून दे. स्वल्प लवकर." मी ऐकलं, सगळं पुसून टाक. कराडला आई माळ्यावरचं "सगळं काढ" म्हणायची, तेव्हा ते भंगारवाल्याकडेच जायचं.

त्याच्या पुढच्या सकाळी साडेदहाला अक्कांचा फोन आला. लॅपटॉप टेबलावर उघडा होता. जुनं सगळं पुसून झालं होतं, नवी विंडोज चढत होती. पडद्यावर सदतीस टक्के.

"काढलंस का गं सगळं? कशात घालून देतीस? पेनड्राइव्ह आणू का?"

"कशात म्हणजे, अक्का?"

"अगं, डिझाइनं! यांनी केलेली सगळी त्यातच हाईत. ती काढून बाजूला ठेवल्याशिवाय नवं कसं करशील? शुक्रवारी त्या सुप्रीताचं लग्न हाय, तिच्यासाठी यांनी कधीचा करून ठेवलेला मोर त्यातच हाय."

अडतीस टक्के.

मी फोन खांद्याने कानाशी दाबला, प्लग उपटला आणि लॅपटॉप उलटा करून बॅटरीही खेचून काढली. पडदा काळा झाला. सौम्याला वाटलं खेळ आहे, ती टाळ्या वाजवायला लागली.

"हॅलो? गेलीस काय गं?"

"आहे, अक्का. जरा वेळ लागेल. मी फोन करते."

ते खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं.

डिस्कवरून काही पुसलं की ते लगेच जात नाही. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ते तिथंच असतं, फक्त पत्ता हरवलेला असतो. नव्या विंडोजने अडतीस टक्क्यांपर्यंत काय काय झाकलं, ते कुणालाच सांगता आलं नसतं. मी डिस्क बाहेर काढली, दुसऱ्या डिस्कवर तिची जशीच्या तशी नक्कल करायला लावली आणि तनयला फोन केला.

"अक्कांना आत्ता काही सांगू नकोस," तो म्हणाला. "आधी मिळतंय का बघ. नाही मिळालं तर डिस्कच खराब होती म्हणता येईल. जुनाच तर आहे लॅपटॉप."

मी फोन ठेवला. तेच मीही मनात म्हणून पाहिलं होतं.

एक वाजता नक्कल झाली. सौम्याला मांडीवर थोपटत एका हाताने शोध सुरू केला. ती झोपली. आकडे पळायला लागले. फोटो सापडले, बिलं सापडली, कुणाच्या तरी बारशाचा व्हिडिओ सापडला. डिझाइनची फाइल एकही नाही. दोन वाजले. शून्य. अडीच. शून्य. तेव्हा कळलं, हा प्रोग्राम फोटोला ओळखतो, व्हिडिओला ओळखतो, भरतकामाच्या मशीनची फाइल त्याने कधी पाहिलेलीच नाही. फाइल समोर असली तरी तो शेजारून निघून जाणार. त्याला आधी एक नमुना दाखवायला हवा होता, आणि नमुना असलाच तर अक्कांकडे.

तीन वाजता बेल वाजली. अक्का आल्या होत्या, आणि त्यांच्या दंडाला धरून त्यांचे यजमान, गुरुप्रसाद अण्णा. मागच्या वर्षीच्या अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात नुसता लोंबतो, हे मला तेव्हाच दिसलं. मी समजले. ती डिझाइनं पुन्हा कुणी काढणार नव्हतं.

"यांना घरात चैन पडेना," अक्का म्हणाल्या. "झालं काय?"

"अक्का, तुम्ही 'काढ' म्हणालात ना, मी पुसून टाकलं."

त्या हसल्या. मग माझ्याकडे पाहिलं आणि हसू थांबलं.

"पुसून? काढ म्हटलं गं मी! विहिरीतनं पाणी काढतात, ते काय पुसतात? पुण्याकडच्यांची कसली ही मराठी?"

"मी कराडची आहे," मी म्हणाले. ह्या वेळी कशाला बोलले, कोण जाणे.

"अय्यो, मग तर अजून वाईट!" त्या मटकन खुर्चीवर बसल्या. "अकरा वर्षं गं. अकरा वर्षं हे डोळे फोडून बसायचे त्याच्यापुढं."

"चूक माझी आहे. मी नीट विचारलं नाही. सगळं गेलं की नाही ते अजून मला माहीत नाही. पण शोधायला मला एक डिझाइन पाहिजे. कुठलंही, एकच."

अक्कांनी अण्णांकडे पाहिलं. मग अण्णांनी डाव्या हाताने शर्टाचा खिसा चाचपला आणि पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. "गौरीच्या साडीचा काठ," ते सावकाश म्हणाले. जीभही जरा जड झाली होती त्यांची. "मशीनला लावलेलं हे एकच हाय बघ."

मी ती फाइल आतून उघडून पाहिली. बाकी सगळं अगम्य, पण अगदी सुरुवातीला साध्या अक्षरांत खूण होती, आणि खुणेपुढे नाव. मशीनची प्रत्येक फाइल ह्याच खुणेने सुरू होते. मी ती खूण प्रोग्रामला शिकवली आणि शोध पहिल्यापासून लावला.

पहिली वीस मिनिटं काहीच नाही. जिथं विंडोज चढली होती, तोच भाग होता तो. अक्का पडद्याकडे पाठ करून बसल्या. सौम्या उठली, डोळे चोळत आली आणि अण्णांच्या मांडीवरचा तो हात उचलून त्याच्याखाली आपली बाहुली झोपवली. मी तिला ओढायला गेले, तर अण्णांनी मानेनेच राहू दे म्हटलं.

मग एक आलं.

"अक्का."

"नको सांगू. सगळं झाल्यावर सांग."

चार. एकोणीस. एकोणीसवर पाच मिनिटं थांबलं. मग एकदम दोनशे. चहा केला, तो कुणी प्यायला नाही. पावणेसहाला शोध संपला. सहाशे बारा.

नावं आतच लिहिलेली होती. अण्णांनी प्रत्येक डिझाइनला पहिल्यांदा ज्या मुलीसाठी केलं तिचं नाव दिलं होतं. मी वाचत गेले, ते डोळे मिटून ऐकत होते. भाग्यलक्ष्मी. श्यामला. सुप्रीता आली, तेव्हा मी फाइल उघडली. पडद्यावर निळ्या-हिरव्या टाक्यांचा मोर उभा राहिला, पिसारा मिटलेला. अक्का पहिल्यांदाच वळल्या. बराच वेळ पाहिलं आणि पदराने पडद्यावरची धूळ पुसली.

"सहाशे एकोणसत्तर होती," अण्णा म्हणाले.

सत्तावन्न गेली होती. मी "बहुतेक सगळी मिळाली" म्हणणार होते, ते गिळलं. "सत्तावन्न माझ्यामुळे गेली," मी म्हणाले. "ती परत नाही येणार."

"कुठली गेली?" अक्कांनी मला नाही, नवऱ्याला विचारलं.

"अगदी पहिली-पहिली." अण्णांनी डाव्या हाताच्या बोटांवर मोजत सांगायला सुरुवात केली. "रक्षिताची वेल. मल्लाप्पाच्या थोरलीची कमळं..."

अक्का ऐकत होत्या. मला वाटलं, आता उठतील, लॅपटॉप उचलतील आणि उद्या भाजीच्या गाडीपाशी सगळ्यांना सांगतील. तसं झालं असतं तरी मी काय म्हणणार होते? त्यांनी मोबाइल काढला. चष्मा कपाळावर सरकवला, नाव शोधलं, स्पीकर लावला.

"रक्षिता, पद्मा अक्का बोलते गं. लग्नातला ब्लाउज ठेवलायस का, वेलाचा?"

"ठेवलाय की, अक्का. का?"

"त्याचं डिझाइन पाहिजे होतं. मूळचं हरवलं." माझ्याकडे बघत त्यांनी पुढचे शब्द जरा तोलले. "इथं एक मुलगी हाय, कॉम्प्युटरची. ती बघून बघून पुन्हा उतरवणार हाय. हे सांगतील, ती करेल. सत्तावन्न हाईत. उद्यापासून."

मला भरतकामाचं ओ की ठो कळत नव्हतं. मी मान हलवली.

"उद्या आणून देते," पलीकडून रक्षिता म्हणाली. "पण अक्का, मला होत नाही हं तो आता. बाहीचे मुंढे उसवावे लागतील."

"ते मी बघते. तू घेऊन ये," अक्का म्हणाल्या, आणि दुसरं नाव शोधायला लागल्या.