शेवटचा टाका आधी

मित्रांनो, मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे आणि स्वभावाने पक्का उतावळा आहे. मला घडवलंच तसं. दोन अधिक तीन गुणिले चार दाबलंत, की मी आधी पाच करून मोकळा होतो आणि मग वीस. जे आधी दाबलं ते आधी करायचं, एवढंच मला ठाऊक. पुढे काय येणार आहे याची वाट बघणं मला जमतच नाही.

माझं उभं आयुष्य पडदे शिवणाऱ्या वहिनींच्या दुकानात, त्यांच्या कापायच्या टेबलावर गेलं. पडद्याच्या उंचीत दुमडीचं कापड मिळवायचं आणि जितके पडदे तितक्यांनी गुणायचं, हा त्यांचा रोजचा हिशेब. माझ्या घाईशी तो अगदी जुळायचा. "आमचा हा कधी चुकत नाही हो," असं त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या आणि मी फुगून जायचो. मग घरोघरी मोबाइल फोन आले आणि बाकीचे हिशेब तिकडे गेले. माझ्या बटणांवर खडूची भुकटी साचली, तरी कुणी फडकं मारेना. मापं तेवढी अजून माझ्याकडे होती.

एक दिवस वहिनींच्या थोरल्या नणंदबाई आल्या. वहिनी त्यांना ताई म्हणतात. त्यांनी गाठोडं सोडलं.

"आईनं मागावर विणलेलं शेवटचं कापड गं. माग तर विकून टाकला. ह्याचे माझ्या चार खिडक्यांना चार सारखे पडदे कर, आणि चिंधीसुद्धा वाया घालवू नकोस बाई."

सासूबाईंच्या आठवणीने वहिनींचे डोळे भरून आले. कापड भरलं आठशे सेंटिमीटर. प्रत्येक पडद्याला दुमड वीसची. आज हिशेब उलटा होता, कापड माहीत होतं आणि उंची काढायची होती. वहिनींनी दाबलं, आठशे वजा वीस, भागिले चार. मी लगोलग एकशे पंच्याण्णव दाखवलं. अरे देवा! दुमड चार पडद्यांची लागणार होती आणि वजा झाली एकाचीच. मला कळत होतं, पण बोलायला तोंड कुठे होतं?

वहिनींनी वीस मिळवून दोनशे पंधरावर रेघ ओढली आणि कात्री उचलली.

"थांब गं," ताई म्हणाल्या. "एकदा पडताळून तरी बघ. परत कुठून आणायचं हे?"

वहिनींनी दाबलं, एकशे पंच्याण्णव अधिक वीस, गुणिले चार. मी आठशे साठ दाखवलं.

"आँ? कापड तर आठशेच आहे! डोकं फिरलंय ह्याचं. टाकते एकदाचा भंगारात!"

ताईंनी तेच फोनवर करून पाहिलं. फोन म्हणाला, दोनशे पंच्याहत्तर.

"अगं बाई! ह्याचंही फिरलं?" ताई म्हणाल्या.

फोन शिस्तीचा हो! गुणाकार आधी, बेरीज नंतर, हा नियम तो पाळतो. म्हणून त्याने आधी वीस चोक ऐंशी केले. शाळेतला नियम आठवून ताईंनी बेरजेला कंस घातला, तेव्हा तोही निमूटपणे आठशे साठवर आला. वहिनींचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी कात्री लांब सरकवली.

"ताई, आत्ता कापलं असतं ना, तर चौथा पडदा तोकडा पडला असता हो."

बराच वेळ त्या कापडाकडे बघत राहिल्या. मी अस्वस्थ. दाबा ना काहीतरी!

"शिवलेलं उसवताना मी शेवटचा टाका आधी काढते," त्या सावकाश म्हणाल्या. "आपण दुमड मिळवतो आणि शेवटी चारनं गुणतो. मग उलट येताना आधी चारनं भागायचं. दुमड त्यानंतर."

आठशे भागिले चार, दोनशे. वजा वीस, एकशे ऐंशी. मग पुन्हा सुलट. अधिक वीस, गुणिले चार. बरोबर आठशे! वहिनींनी पदराने माझ्यावरची भुकटी पुसली.

मित्रांनो, आम्हा यंत्रांवर खुशाल विसंबा, पण आलेलं उत्तर एकदा मागे चालवून बघत जा. आम्हाला थांबता येत नाही, तुम्हाला येतं. आणि अधूनमधून फडकंही मारा.

कात्री चालली. चार तुकडे झाले आणि टेबलावर चिंधीसुद्धा उरली नाही. ताईंनी चारही उराशी धरले आणि रडत रडत हसल्या.

"पुरली गं वहिनी. आई चारही खिडक्यांना पुरली."