बिननावाचं कडवं

जन्मनोंदीच्या वहीत लिहिलं होतं, ‘मुलगा’. पुढे नावाच्या रकान्यात शाईची नुसती आडवी रेघ. आत्मारामांनी त्या रेघेवर बोट ठेवलं ते उचललंच नाही.

“काका, झेरॉक्स देतो की,” कारकून म्हणाला. “पान जुनं आहे, फाटेल.”

गिरगावची खोली विकताना आईच्या कागदांत दत्तकपत्र निघालं, तेव्हा आत्मारामांना एकोणसत्तरावं लागलं होतं. आठ दिवसांचे असताना त्यांना दत्तक दिलं होतं. जन्मगाव मुर्धा, वडील लवू दशरथ पाटील. आणि गेली बारा वर्षं ते पेणकरपाड्यात राहत होते, मुर्ध्यापासून रिक्षाच्या अंतरावर!

लवू आणि त्यांची बायको विमला केव्हाच गेले होते; थोरला मुलगा बाळा मुर्ध्यातच होता. आत्मारामांच्या मुलीनं, हेमांगीनं, दोघांची डीएनए तपासणी ठरवली. गालाच्या आतून कापूस फिरवताना म्हातारा बाळा कुरकुरला, “याची काय गरज? दोघांचा नाक बघा ना!”

महिन्याभरानं कागद आला. दोघंही एकाच पुरुषवंशातले.

“ह्ये तर अर्ध्या गावाचा निघंल,” बाळा म्हणाला. पण हेमांगीनं नोंदवहीतली तारीख आणि दत्तकपत्रातली तारीख शेजारी ठेवून वाचून दाखवल्या, तेव्हा त्यानं दोन्ही कागद जवळ ओढले. मग आत्मारामांचं मनगट धरून म्हणाला, “मना दादूस बोल.”

भाऊ मिळाला, बापाचं नाव मिळालं. पण आत्मारामांना हवं होतं ते कुठल्याच कागदावर नव्हतं. आठ दिवस आईनं पदराखाली घेतलं, पाजलं, निजवलं. त्या आठ दिवसांत तिनं काहीतरी हाक मारलीच असेल. काय मारली?

“मी तवा चार वरसांचा,” बाळा म्हणाला. “इंदुबायला इचारू. गावातली जुनी धवलारीण ती.”

लग्नात धवले गाणारी बाई ती. घरातल्या एकेकाचं नाव घेऊन कडवं गायची, आणि ज्याचं नाव घेतलं तो मांडवात आला असं धरायचं. ऐंशी उलटलेल्या इंदुबाईनं आत्मारामांची हनुवटी उजेडाकडे वळवली.

“विमलाबायचा धाकला! उशीर केलास रं.”

“माझं नाव काय होतं?” आत्मारामांनी विचारलं.

“बारसाच झाला न्हाय, नाव कशाचा? त्या साली बांध फुटला, शेतान खारा पानी. खायाला काय नव्हता. आठव्या दिशी दिला तुला.”

“काहीतरी म्हणत असेल ना मला?”

“घरान तुजा शब्द काढायचा न्हाय, असा लवूनं बजावलेला. पन बालाच्या हलदीला मी गात होते. बालाचा कडवा झाला. तवा विमलाबाय कानाशी आली. बोलली, माजा अजून एक हाय, त्याचा पन गा. मी बोलले, नाव सांग. ती बोलली, नाव नको, जागा सोर. मंग मी तिथं नुसता सूर धरला. लवूनं डोलं वटारलं. पन मांडवान धवलारणीला कोन थांबवतो? त्या घरच्या पाच लग्नान तसाच गायले.”

“ते कडवं गाऊन दाखवाल का?” हेमांगी म्हणाली.

“मांडव न्हाय, हलद न्हाय, कसा गायाचा?”

“म्हातारपनी याचा लगीन लावतेस का परत?” बाळा हसला.

इंदुबाईही हसली. मग चिमूटभर हळद मागवून तिनं आत्मारामांच्या गुडघ्याला लावली आणि डोळे मिटले.

“मांडवाचे दारी गो, बाला लवूचा लेक,
त्याचे मागं चालत आला अजून एक,
हाक मारा गो त्याला, हाक मारा...”

पुढे शब्द नव्हता. घशातून खोल सूर तेवढा निघाला, जेमतेम तीन अक्षरं मावतील एवढा, आणि संपला. आत्माराम पुढे झुकले होते, तसेच राहिले.

“पुढल्या म्हयन्यात माज्या नातीचा, सपनालीचा लगीन हाय,” बाळा हळूच म्हणाला. “आता घालू तिथं नाव. आत्माराम.”

“नको, दादूस. ते गिरगावच्या आईनं ठेवलेलं आहे. ही जागा तिची नाही.” ते इंदुबाईकडे वळले. “लग्नातही असंच गा. मी मांडवात असेन. आणि आता... परत एकदा.”

इंदुबाईनं श्वास घेतला. सत्तरीचा तो माणूस हाक यायच्या आधीच मान वळवून बसला होता.